गाडी नावाचा स्तर

सरासरी या शब्दाचा मला लहानपणापासून राग आहे. माझे वडील यवतमाळला कचेरीत कारकून होते. पावसाळा संपला की तालुक्यातालुक्यांतून पावसाचे आकडे त्यांच्या टेबलावर यायचे आणि वडील त्यांची बेरीज-भागाकार करून वर पाठवायचे. एका साली माझ्या आजोळी, दारव्ह्याकडे, पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, गुडघ्याला लागली नाही, आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला नाल्याचं पाणी लोकांच्या चुलीत शिरलं. दोन्हींची सरासरी मात्र झकास आली. वडिलांनी जेवताना सांगितलं, "यंदा सरासरीइतका पाऊस आहे." मामा तेव्हा आमच्याकडे आले होते. ते म्हणाले, "मंग त्या सरासरीले म्हना भाऊजी, एकडाव आमच्या वावरात येऊन जाय." सगळे हसले. मी हसले नाही, मला त्या कागदाचा संताप आला होता.

पुढे मी संख्याशास्त्रच शिकवायला लागले, याला काय म्हणावं? पण त्या शास्त्रात एक गोष्ट मला मनापासून आवडली, कारण ती सरासरीच्या कानाखाली वाजवते. तिचं नाव बहुस्तरीय विश्लेषण. नाव ऐकून घाबरायचं काही कारण नाही. आपल्याकडच्या लग्नाची पंगत आठवा. डावीकडच्या ओळीला एका गंजातलं, म्हणजे पातेल्यातलं, वरण वाढलं, उजवीकडच्या ओळीला दुसऱ्या गंजातलं. संध्याकाळी डावीकडच्यांना उलट्या लागल्या. आता एखादा शहाणा एकेका माणसाला धरून विचारू लागला की हात धुतले होते का, तंबाखू-सुपारीचा खर्रा खाता का, पोट पहिल्यापासून नाजूक आहे का, तर त्याला काही ना काही सापडणारच. नाजूक पोटाची माणसं जास्त ओकली असणारच. तो लिहून मोकळा होतो: कारण, नाजूक पोट. आणि गंजाकडे कोणी पाहत नाही.

बहुस्तरीय विश्लेषण म्हणतं, थांबा. माणूस हा एक स्तर झाला. तो ज्या ओळीत बसला ती ओळ हा त्याच्यावरचा स्तर. आधी हे पाहा की माणसामाणसांत किती फरक आहे आणि ओळीओळींत किती. एका गंजातलं जेवलेली शंभर माणसं म्हणजे शंभर वेगळे साक्षीदार नव्हेत, त्यांच्यात मोठा वाटा एकाच गंजाचा असतो. मी वर्गात हे सांगायचे तेव्हा पोरं हसायची, पण त्यांना ते आयुष्यभर लक्षात राहायचं. मलाही राहिलं, म्हणून तर पुढचा सगळा मनस्ताप झाला.

कापसाची ती वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा रोज पेपरात असायचं आणि देशभरातून अभ्यासक यायचे. शहरातल्या लॉजवाल्यांचे तेवढे दिवस बरे गेले. आलेल्या प्रत्येकाला मेलेल्या पुरुषांचा अभ्यास करायचा होता. जिवंत बायकांकडे पाहायला आलेला एकच गट मला भेटला, आणि म्हणूनच मी त्यांना लगेच हो म्हटलं. शेतात मजुरी करणाऱ्या बायकांची गर्भारपणं का टिकत नाहीत, हा त्यांचा प्रश्न होता. कळंबच्या रस्त्यावरची गावं त्यांनी निवडली होती. गटाचे प्रमुख मोठ्या शहरातले डॉक्टर होते, फार सभ्य, पेपरात छापतात तसं मराठी बोलणारे. त्यांनी मला सांगितलं, "मॅडम, आम्ही साधी सरासरी काढणार नाही. आम्ही बहुस्तरीय विश्लेषण करणार आहोत. बाई, तिचं घर, तिचं गाव, असे तीन स्तर." मला इतका आनंद झाला की मी घरी येऊन शिरा केला.

माहिती गोळा करायला त्यांनी पोरी नेमल्या होत्या. त्या संध्याकाळी गावात जायच्या, कारण दिवसा गावात बायका नसायच्याच. माझं काम खरं तर टेबलावरचं होतं. पण ज्यांचे आकडे मांडायचे त्यांची तोंडं तरी पाहावीत म्हणून मीही पोरींबरोबर जाऊ लागले. तिथे मला ती सासू आणि ती सून भेटली.

सासू दुष्ट नव्हती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण सासू-सून म्हटलं की आपल्याकडे लोक पुढची गोष्ट स्वतःच रचतात. तिनं सुनेला कधी हात लावला नव्हता, उपाशी ठेवलं नव्हतं. सून दारव्ह्याकडची, उंच, हसरी, आणि तोंडात खर्रा. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिचं पोट पडलं. सासूनं कळंबच्या चिंतामणीला नवस केला, यवतमाळच्या दवाखान्यात नेलं, गोळ्या आणल्या. आता तिचा धीर सुटत चालला होता. मुलगा लोहाऱ्याला एका कारखान्यात हमाली करायचा आणि आई म्हणेल त्याला मान हलवायचा.

"मॅडम," सासू मला म्हणाली, "तुमी शिकेल लोकं एवढं तपासून राह्यले. तुमचा रिपोट येऊ द्या, मंग आमी ठरवतो. तिच्यातच खोट असन, त माह्या पोराचा जलम कायले नासू? अखजीच्या नंतर दुसरी पाहू. हिले माहेरी धाडून देऊ."

अखजी म्हणजे आमच्याकडची अक्षय तृतीया. हे सगळं ती सुनेच्या देखत बोलली. सून चुलीपुढे भाकर थापत होती, तिची थाप थांबली नाही. नंतर मी निघाले तेव्हा ती मागोमाग फाटकापर्यंत आली.

"मॅडम, माह्यात काई खोट नाई ना?"

"नाही," मी म्हटलं. "तुझ्यात काही खोट नाही."

बरोबरच्या पोरीनं हे प्रमुखांना सांगितलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. अभ्यास चालू असताना उत्तर देणाऱ्या बाईला असं काही सांगायचं नसतं, त्यानं माहिती दूषित होते, असं ते फार सौम्य आवाजात म्हणाले. दूषित! बाईच्या अंगाला रोज काय लागतं याचा पत्ता नव्हता, पण माझ्या एका नाहीनं त्यांची माहिती दूषित होत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

यथावकाश सगळे आकडे आले आणि मीच ते मांडले. मला खात्री होती की गावागावांत फरक निघेल. काही गावांत फवारणी जास्त, काही गावांत पाणी वाईट, काहीतरी दिसेलच. पण निघालं भलतंच. गाव या स्तरावर जवळजवळ काहीच नाही. सगळी गावं सारखीच. जो फरक होता तो बाईबाईत होता. मी पुन्हा मांडून पाहिलं, आकडे होते तसेच राहिले.

प्रमुख खूश झाले. माझी निराशा त्यांना कळलीच नाही. त्यांनी मसुद्यात लिहिलं, आणि ती वाक्यं मला अजून पाठ आहेत कारण मी ती चिडून इतक्यांदा वाचली: गावाचा व परिसराचा प्रभाव आढळला नाही, गर्भपाताची कारणं प्रामुख्यानं वैयक्तिक स्वरूपाची आहेत. आणि पुढे पाढाच वाचला होता. कमी वजन. लहान वयात लग्न. उपाशीपोटी कामाला जाणं. खर्रा.

"सर," मी म्हटलं, "उपाशीपोटी ती हौसेनं जाते का? आणि खर्रा भूक मारायला खातात. सासू सुनेपेक्षा जास्त खाते, तिला चार लेकरं आहेत."

"मॅडम, एका घरावरून आपण बोलत नाही. तुम्हीच शिकवता ना हे?"

हो, मीच शिकवते. नाकाला मिरच्या झोंबल्या त्या यामुळेच. त्यांची पद्धत बरोबर होती, गणित बरोबर होतं, माझीच मांडणी होती, आणि त्यातून निघालं काय, तर दोष बाईचा. साध्या सरासरीनं दोष दिला असता तर मी भांडले असते. इथे तर माझ्या आवडत्या शास्त्रानंच तिच्या डोक्यावर खापर फोडलं होतं, आणि ते शास्त्र असं वागेल यावर माझा विश्वास बसेना. काहीतरी आम्ही विचारलंच नव्हतं.

म्हणून मी रजा टाकली आणि एका सकाळी त्यांच्या गावात जाऊन उभी राहिले. सूर्य नुकता वर येत होता. निंदणाचे दिवस होते. बायका डबे घेऊन, साडीवर नवऱ्याचे जुने शर्ट चढवून फाट्यावर उभ्या होत्या. मी सासूला म्हटलं, "मावशी, आज मी तुमच्यासोबत येते."

"कायले मॅडम? उन्हात मरता काय?"

मुकादमाची जीप आली. मागचा टप काढून आत फळ्या टाकलेल्या. मी चढले आणि मागच्या फळीवर कडेला जी मोकळी जागा दिसली तिथे बसले. एकदम तीन-चार बायका ओरडल्या, "तिथं नोका बसू! थे तिच्या सुनेची जागा हाये."

मी उठले. मग मला कळलं की त्या गाडीत प्रत्येकीची जागा ठरलेली आहे. मागच्या फळीवरची ती कडेची जागा आधी सासूच्या सासूची होती. मग सासूची झाली. सासूला पुढे मुकादमाजवळची जागा मिळाली, तेव्हा मागची सुनेला आली. लग्न होऊन आलेली पोरगी सासूच्याच गाडीत बसते, हा रिवाज. दुसऱ्या गाडीत बसली तर सासूच्या मुकादमाला आणि घरालाही कमीपणा. एकाच गावातून तीन-तीन गाड्या निघतात, तीन वेगळ्या मुकादमांच्या, तीन वेगळ्या दिशांना. शेजारशेजारच्या घरांतल्या बायका सकाळी एका फाट्यावर उभ्या असतात आणि दिवस काढतात तीन ठिकाणी. आणि आमची गाडी पुढच्या गावात थांबली, त्याच्या पुढच्या गावात थांबली, आणि तिथल्याही बायका आपापल्या जागेवर येऊन बसल्या.

मला तिथेच, फळीला धरून बसल्या बसल्या, आमची चूक दिसली. आम्ही पंगतीतल्या माणसांना ते कोणत्या गावाहून आले हे विचारलं होतं. कोणत्या ओळीत बसले हे विचारलंच नव्हतं. आमच्या पोरी संध्याकाळी जायच्या, तेव्हा बायका गावात असायच्या, म्हणून आम्हाला वाटलं की त्या गावात राहतात. त्या गावात फक्त झोपत होत्या. एका गावात तीन गाड्या मिसळलेल्या, म्हणून गावागावांची बेरीज सारखी येत होती. पुन्हा तीच माझ्या वडिलांची सरासरी.

गाडी कालव्याच्या बाजूला एका मोठ्या शेतावर गेली. या मुकादमाचा ठेका तिथलाच होता, वर्षानुवर्षं. ओलिताची जोमदार पऱ्हाटी, छातीला लागणारी, आणि तिच्यावर सतत फवारा. आम्ही पोचलो तेव्हा पिकाच्या पुढच्या ओळींत पुरुष पाठीवर पंप घेऊन फवारत होते, आणि त्यांच्या मागोमाग, पानं ओली असताना, बायका निंदायला बसल्या. चेहरे पानांच्या उंचीला. शर्ट ओले झाले. मला अर्ध्या तासात मळमळायला लागलं. दुपारी डबे सोडायच्या आधी सगळ्यांनी हात धुतले ते बांधावरच्या निळ्या ड्रमात, ज्यातून पंप भरत होते त्याच. पाणी तेवढंच होतं जवळ.

"या ड्रमात औषध कालवतात ना?" मी विचारलं.

"ड्रमात नाई, पंपात कालवतात," सून म्हणाली. "ड्रमात औषधाचे रिकामे डबे विसळतात."

जेवताना मी काही विचारलं नाही, त्याच बोलत होत्या. मधल्या गावची एक म्हणाली की तिचं गेल्या साली पोट पडलं. तिच्या बाजूची म्हणाली, माझ्या जावेचंही. तिसरी हसून म्हणाली, "या गाडीले नजर लागली बाप्पा." मग त्या दुसऱ्या विषयावर गेल्या, भाव काय निघाला, कोणाच्या पोरीचं जमलं. मी माझा डबा झाकून ठेवला. आणि संध्याकाळी सुनेच्या गावात परतलो तेव्हा शेजारच्या घरची बाई, जी दुसऱ्या गाडीत बसायची आणि कोरडवाहू वावरांत जायची, ती कडेवर पोर घेऊन आम्हाला हात करत होती.

मी प्रमुखांकडे गेले ते जवळजवळ पळतच. त्यांच्यासोबत त्यांचे दोन सहकारी बसले होते. मी म्हटलं, "सर, आपला स्तर चुकला. गाव नाही, गाडी पाहिजे. प्रत्येकीला फक्त एवढंच विचारायचं, तू कोणत्या मुकादमाच्या गाडीत बसतेस. एवढं करा, मी सगळं पुन्हा मांडते."

"गाडी?" एक सहकारी म्हणाला आणि हसला. "गाडी हा काय स्तर झाला, मॅडम? गावाला सरकारी क्रमांक असतो. गाडीला काय असतो?"

"तिला मुकादम असतो. शेत असतं. ड्रम असतो."

प्रमुख हसले नाहीत, पण त्यांनी हात जोडले. मुदत संपली होती, पोरींची कामं संपली होती, अहवाल छापायला जायचा होता. मी म्हटलं, मी स्वतः विचारते, पैसे नकोत. आणि मी विचारलं. रविवारी रविवारी स्कूटर घेऊन त्याच घरांमध्ये गेले. त्या बायकांना तो प्रश्न इतका सोपा वाटला की त्या माझ्याकडे कीव करून पाहायच्या, आणि गाडी सांगायच्या. मग मी गाडीप्रमाणे मांडलं. सगळं चित्र पालटलं. वजन, वय, खर्रा हे सगळं होतं तिथेच, पण बारीक झालं. मोठा फरक गाडीगाडीत होता, आणि कालव्याकडे जाणाऱ्या गाड्या बाकीच्यांपासून इतक्या वेगळ्या उभ्या होत्या की त्या पाहायला शास्त्राची गरज नव्हती.

प्रमुखांनी माझं सगळं नीट पाहिलं. आणि म्हणाले, "मॅडम, निकाल पाहून मग गट बदलायचे नसतात. आधी प्रश्न, मग उत्तर. हा नियम तुम्हाला मी सांगावा?"

नियम खरा आहे. आजही मी तो वर्गात शिकवते, आणि का पाळायचा तेही सांगते. मनासारखं उत्तर येईपर्यंत गट पाडत बसलं तर काहीही सिद्ध करता येतं. पण मग त्यांनी एवढं तरी लिहायचं होतं की आम्ही कामाची जागा विचारलीच नाही, ती विचारायला हवी होती, तोवर बायकांना दोष देऊ नये. एक ओळ. मी ती ओळ लिहूनसुद्धा दिली. त्यांनी ती घेतली नाही. गाव पाहिलं, गावात काही नाही, म्हणून परिसरात काही नाही, म्हणून बाईत आहे, एवढी मोठी उडी त्यांना चालली. माझी एक ओळ नियमाबाहेर होती! मी मांडणीखालचं माझं नाव काढून घेतलं. त्यांना त्याचं फारसं काही वाटलं नाही, त्यांच्याकडे नावं पुष्कळ होती.

अहवाल झाला आणि रीतीप्रमाणे गावात येऊन तो समजावून सांगण्यात आला. शाळेच्या वऱ्हांड्यात सतरंजी, बायका एका बाजूला. मोठ्या तक्त्यावर चित्रं होती: खर्रा खाणारी बाई, त्यावर लाल फुली. उपाशी बाई, त्यावर फुली. प्रमुख नव्हते, त्यांची एक सहायक बोलली, गोड बोलली, बायकांनी स्वतःची काळजी घ्यायला शिकलं पाहिजे असं म्हणाली. मी मागे उभी होते. सासू पुढे बसली होती आणि त्या लाल फुलीकडे पाहत होती. सून तिच्या पाठीशी. सुनेनं सवयीनं गालात धरलेला खर्रा तोंडावर पदर घेऊन हळूच थुंकला, हे मी पाहिलं. तेवढ्यात मला रडू येईल असं वाटलं आणि त्याचाही मला राग आला.

कार्यक्रम संपल्यावर मी सासूला गाठलं. वऱ्हांड्यातच, सगळ्यांसमोर. म्हटलं, "मावशी, हे खरं नाही. तिच्यात खोट नाही. त्या शेतात आहे, त्या फवाऱ्यात आहे. तिला त्या गाडीतून काढा. दुसऱ्या गाडीत बसवा, नाहीतर घरी ठेवा. एक वर्ष करून पाहा."

सासूनं माझं ऐकून घेतलं. तिला माझ्याबद्दल माया होती, हे मला ठाऊक आहे.

"मॅडम, मी त्याच गाडीत गेली. माही सासू त्याच गाडीत गेली. मले चार झाले. मंग मले काहून नाई लागलं?"

"तुमच्या वेळी एवढा फवारा होता का?"

"फवारा त नवताच," ती म्हणाली. "पन गाडी थेच होती ना."

मी सांगत राहिले. पानं तेव्हा ओली नसायची, कापूस वेगळा होता, हे आणि ते. तिनं तक्त्याकडे बोट केलं. "मंग त्या डाक्टरनं काहून नाई लिवलं? थे मोठे लोकं हायेत. तुमी एकल्याच हा." मोठे लोक मोठे का असतात आणि एकटी बाई एकटी का असते, याचं विश्लेषण कोणत्याच स्तरावर मला येत नाही.

अखजी झाली आणि सून माहेरी गेली. मी तिला एकदा दारव्ह्याच्या आठवडी बाजारात पाहिलं, भावाच्या घरासाठी भाजी घेत होती. तिनं मला ओळखलं. मी भाजीचा भाव विचारला. तीच म्हणाली, "मॅडम, तुमी त नाई म्हनलं होतं." मी म्हटलं, "आजही नाहीच म्हणते." तिनं मान हलवली आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. माझ्या एका नाहीचं वजन किती, हे तिला कळून चुकलं होतं.

त्यानंतर मी जिथे संधी मिळेल तिथे ही गोष्ट सांगितली. सभांत, वर्गांत, दोनदा तर लग्नाच्या पंगतीत. लोक म्हणाले, मॅडमचं डोकं त्या गाडीत अडकलं. अडकलंच आहे. ज्या अभ्यासात माणूस दिवसभर कुठे असतो हे विचारत नाहीत आणि रात्री कुठे झोपतो त्यावरून त्याची नियती लिहितात, त्या अभ्यासाला कितीही स्तर लावले तरी मी त्याला शास्त्र म्हणणार नाही.

दोन हंगाम गेल्यावर मी काही कामानं कळंबला जात होते. बस त्या फाट्यावर थांबली आणि मी खिडकीतून तीच जीप पाहिली. फळ्या नव्या होत्या. सासू पुढे मुकादमाजवळ बसली होती. मी उतरले, बस गेली तर गेली. मागच्या फळीवर, कडेच्या जागेवर, एक कोवळी पोरगी होती, नवऱ्याचा शर्ट घातलेली. हात पोटावर नव्हता, गुडघ्यावर होता, आणि चेहरा पांढरा पडला होता.

सासूनं मला पाहिलं आणि खाली वाकून, जवळच्या माणसाला सांगावं तसं हळू सांगितलं, "मॅडम, हिच्यातई खोटच निंघाली. मांगच्या महिन्यात पडलं."

मी त्या पोरीसमोरच ओरडले. आजूबाजूच्या बायका पाहू लागल्या. "मावशी, तिला उतरवा! आत्ता उतरवा त्या जागेवरून. सून बदलून काय होणार आहे? ती जागा रिकामी ठेवा."

सासू रागावली नाही. तिनं मागे वळून त्या जागेकडे पाहिलं, आणि मला वाटलं की आता तिला ते दिसलं.

"रिकामी कशी राहीन, मॅडम?" ती म्हणाली. "हे उतरली त दुसऱ्या कोनाची सून बसन तिथं. गाडी भरल्याबिगर निंघत नाई."

मुकादमानं हॉर्न दिला. गाडी भरली होती.